अजीजाबींची बारव

म्या जन्मभर मोट हाकली ती अजीजाबींच्या बारवेवर. मोटेचं पाणी आमराईला जायचं, अन् वाटेत सारं गाव घागरी भरून घ्यायचं.

निजामाचं राज गेलं, जहागिऱ्या खालसा झाल्या. मुरुम गावाजवळची आमच्याकडची जहागीर पण गेली. जहागीरदाराच्या विधवेला, अजीजाबींना, आमच्या बीसाहेबांना, उरली ती ही बारव अन् आमराई. तेवढ्यावरच त्यांची चूल पेटायची. त्यावरबी सरकारचा डोळा! सरकार म्हणलं, बारव गावाची. त्या म्हणल्या, सासऱ्यांनी पदरच्या पैशानं बांधली, आमची खासगी.

चौकशीला सरकारचा साहेब चावडीत आला. त्याचा सवाल एकच, गाव पाणी भरतं ते हक्कानं का बीसाहेबांच्या मर्जीनं? मर्जीनं असंल तर बारव त्यांची, न्हायतर सरकारजमा. बीसाहेबांच्या वकिलानं मला आधीच पढवलं होतं. अक्कल गहाण टाकली म्या, अन् दिलं ठोकून की दुष्काळात बीसाहेबांनी चार घरच्या बाया रिकाम्या घागरींनी परत लावल्या. साफ थाप, पण त्यानं मर्जी शाबीत होत होती. कारकुनानं लिहून घेतलं. वकील गालात हसला. मला वाटलं, जिंकलो गड्या!

तेवढ्यात चावडीत त्यांच्यासाठी लावलेल्या पडद्यामागनं अजीजाबी बोलल्या.

"ते खोडा, साहेब. ईरण्णा माझ्यापायी खोटं बोलतोय. आमी पाण्याला कुणाला अडवलं न्हाय. कुणी विचारायलाबी आलं न्हाय."

वकिलाचं तोंड उतरलं. साहेबालाच राहवंना. त्यानं समजावून सांगितलं, असं लिहिलं तर बारव जाईल, आमराई वाळंल, पुन्हा एकवार विचार करा.

"लिहा," त्या म्हणल्या. "बारव जाऊ द्या. आमच्या घरानं तहानेलं माणूस परत लावलं, असा कागद मागं ठेवून मला मरायचं न्हाय."

कागद पडद्याखालनं आत गेला अन् सही होऊन बाहेर आला. साहेब खुर्चीवरनं उठून उभा राहिला. मग सारी चावडी उठली. अन्नाला महाग व्हायची पाळी आली होती बाईवर, अन् आवाज तसूभर हलला न्हाय! म्या पडद्यापुढं जाऊन जमिनीला डोकं टेकलं.

"ऊठ ईरण्णा," त्या आतनं म्हणल्या. "मोट जुंप जा. बाया घागरी घेऊन खोळंबल्या असतील."

बारव त्या घडीला त्यांची राहिलीच नव्हती.