ठेंगणीचं उलटं रक्त

प्रयोगशाळेत तिला सगळे दशांशबाई म्हणत. चौथ्या दशांश स्थळापर्यंत आकडा जुळल्याशिवाय बाई चहालासुद्धा उठायच्या नाहीत. आणि चूक केली कोणी? याच बाईंनी!

विषय तसा सोपा. गाईंच्या जंतांच्या औषधाची दोन रूपं असतात, डावं आणि उजवं. एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब, आपल्या दोन हातांसारखं. गाईच्या रक्तातून डावं भराभर नाहीसं होतं आणि उजवं मुक्काम ठोकून बसतं. बाईंनी सात गाईंचं रक्त तपासलं, सातही शहाण्यासारख्या वागल्या. आठवी, ठेंगणी नावाची, मात्र उलटी निघाली. तिच्यात डावं टिकलेलं आणि उजवं गायब!

"कुठून आणलं हे ध्यान?" बाईंचे मार्गदर्शक सर कडाडले. "हिच्यामुळे पुढचे सगळे प्रयोग बोंबलतील. काढा तिला कळपातून!"

झालं. ठेंगणीला विकायचं ठरलं, शुक्रवारी ट्रक येणार होता. उरलेल्या सात गाईंवर बाईंचा पीएच.डी.चा प्रबंध लिहून तयार होता, सोमवारी तो द्यायचा. घरी आईने तर लेकीला आतापासूनच 'डॉक्टरीणबाई' अशी हाक मारायला सुरुवात केली होती.

शुक्रवारी सकाळी यंत्राची वही चाळताना बाई थबकल्या. औषधाची दोन रूपं वेगळी करणारी नळी मध्यंतरी बदलली होती, नवी दुसऱ्याच बनावटीची होती. बदलली कधी? ठेंगणीचं रक्त तपासायला घेतलं त्याच दिवशी! जुन्या नळीतून डावं आधी बाहेर यायचं, म्हणून बाई डोळे मिटून पहिल्याला डावं लिहीत आल्या होत्या. नवी नळी लावली की आधी तिच्यात नुसतं उजवं रूप घालून बघायचं असतं, हे नवशिक्यालाही ठाऊक. घाईत राहून गेलं. त्यांनी ते आता घातलं, आणि ते नेमकं पहिल्याच्या वेळेला बाहेर आलं.

ठेंगणी अगदी इतर गाईंसारखीच होती. पण गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? सात गाईंचे आकडे खरेच होते. दहा मिनिटं बाई खुर्चीला चिकटून बसल्या, आणि पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती या दहा मिनिटांचीच. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला तशा त्या धूम पळत सुटल्या.

ठेंगणी वर चढलेली, सर खाली कागदावर सही करत होते.

"सर, थांबा! गाय नाही, मी चुकले." धापा टाकत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सर लालबुंद झाले. "आठही गाईंचं रक्त पहिल्यापासून तपासा. सोमवार विसरा!"

"विसरले, सर."

गोठेवाल्या काकांनी ठेंगणीला हळूच खाली उतरवलं. बाई त्यांच्याजवळ गेल्या. "काका, माफ करा हो मला."

काकांनी ठेंगणीची दोरी हातात गुंडाळली.

"मला काय माफ करायचंय, बाई? बाटलीने दूध पाजून वाढवली मी हिला. कधी कसली तक्रार नाही हिची. पण तुमचा कागद आला आणि मी हिलाच म्हणालो, तुझ्यातच काहीतरी खोट आहे. आठ दिवस हिच्या अंगावरून हात नाही फिरवला."

ठेंगणीने सवयीने मान पुढे केली. काकांचा हात तिच्या मानेवर टेकला, तो काही लवकर उठेना.