तिसरी हाक

मोनिकाचे वडील पोपटराव, म्हणजे आप्पा, यांना एखादी गोष्ट करायची नसली, की ते त्या गोष्टीसाठी प्रार्थना करत.

घरामागची भिंत कलली तेव्हा त्यांनी ती प्रार्थनेत ठेवली. भिंत एका दुपारी शेजाऱ्याच्या कोंबड्यांवर पडली. थोरल्या भावाशी बोलणं तुटलं, तेही प्रार्थनेत ठेवलं. भाऊ वारला, विषय अजून प्रार्थनेतच होता. दौंडच्या ख्रिस्ती मंडळीत मात्र आप्पांसारखा प्रार्थनेचा माणूस नाही असा त्यांचा लौकिक. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, रिटायर झाल्यावर मंडळीचे सेक्रेटरी झाले. एकदा गुडघे टेकले की चहा दोनदा गार व्हायचा, तरी उठत नसत.

म्हणून एका रात्री जेवणं झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "मोनिकाच्या लग्नाचा विषय आपण प्रार्थनेत ठिवू," तेव्हा मोनिकाच्या हातातलं पातेलं मोरीत आदळलं. लग्न मोडायला निघालंय हे तिला तिथंच कळलं.

लग्न शिरूरच्या शमुवेलशी ठरलं होतं. शमुवेल वायरमन. रांजणगावच्या बाजूला एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम, कारेगावात खोली. पोरगा सरळ, जरा जास्तच सरळ. यांच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात हाक देतात. पाळकसाहेब दोघांची नावं घेतात आणि विचारतात, की या लग्नाला कोणाला अडथळा ठाऊक असेल तर उभं राहून सांगावं. उभं राहून, सगळ्यांदेखत. कानात सांगितलेलं चालत नाही. मुलाकडे हाक होते, मुलीकडेही होते. शिरूरच्या तिन्ही झाल्या होत्या. दौंडच्या दोन झाल्या, आणि शमुवेल शेडच्या पत्र्यावरून खाली पडला. कमरेला पट्टा नव्हता. ठेकेदार म्हणाला, पट्टे मागवलेत.

शमुवेल दवाखान्यात होता तोवर तिसरी हाक थांबवली, त्याला कोणाची ना नव्हती. पण मंडळीचा जुना नियम असा, की पहिल्या हाकेपासून तीन महिन्यांत तिसरी झाली नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि येता रविवार शेवटचा होता.

"पाळकसाहेबांना काय सांगितलंत?" मोनिकानं विचारलं.

"सांगितलं, घाई नको. आम्ही देवाची वाट बघतोय."

"रविवारी मुदत संपती, आप्पा."

"देवाच्या मनात असंल तर पुन्हा हाका देता येतील. तो एक दार बंद करतो तवा त्याला कारण असतं."

"दार त्यानं बंद केलं का तुम्ही?"

मोनिकाची आई साखरबाई मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "बापाला उलट बोलू नगं," म्हणाली, पण तेही मेथीकडे बघूनच.

आप्पांनी डोळे मिटले. झालं. मिटलेल्या डोळ्यांशी कोण भांडणार? भ्यालेला माणूस 'भ्यालो' म्हणाला तर त्याच्याशी बोलता येतं, त्याला पाणी देता येतं, पाठीवर हात ठेवता येतो. पण त्यानं देवाला पुढं केलं की समोरचा आपोआप पापी ठरतो. मोनिकाला या गोष्टीची इतकी चीड आली होती की त्या रात्री तिनं प्रार्थनाच केली नाही. देवावर तिचा राग नव्हता. पण घरातल्या गर्दीत त्याला आणखी हाक मारावी असं तिला वाटेना.

मोनिका यवतला एका दाताच्या डॉक्टरांकडे कामाला होती. घाबरलेल्या माणसाला तोंड उघडायला लावणं हाच तिचा रोजचा धंदा. कोणी ओठ घट्ट मिटून बसलं की डॉक्टर तिलाच पुढं करत. दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि चौफुल्यावरून शिरूरची गाडी धरली. गाडीत उसाच्या, डिझेलच्या आणि कोणाच्या तरी भज्यांच्या वासांची भेळ. न्हावऱ्यापर्यंत ती मनातल्या मनात आप्पांशी भांडली, पुढं शमुवेलशी भांडायची तयारी केली. मधे कुठंतरी तिला जाणवलं की आपल्यालाही भीती वाटतेय. म्हणून ती आणखीच चिडली.

शमुवेल शिरूरच्या घरी पुढच्या खोलीत खाटेवर पडून होता. दाढी वाढलेली, हात बारीक झालेले.

"डॉक्टर काय म्हणत्यात?"

"डाव्या पायाला जरा कळायला लागलंय. उभा राहीन का न्हाई, ते सांगत न्हाईत. देवाच्या हातात हाय म्हणत्यात."

"बरं."

"बरं काय? तू मोकळी हायस, मोनिका. तुझं नाव माझ्यात अडकवून ठिवायचं न्हाई मला. मी देवाला तसं सांगितलंय."

मोनिका खुर्ची ओढून बसली. "मला सोडून सगळे देवालाच सांगायला लागलेत. तिकडं आप्पा सांगत्यात, हितं तू सांगतोस. लगीन माझं हाय, मला कुणी इचारणार का न्हाई?"

"तुझ्याच भल्यासाठी."

"माझ्या भल्याचा ठेका कधी घेतलास? पट्टे न देणाऱ्या ठेकेदारासारखं करू नगंस. तो पण म्हणला आसंल, तुमच्याच भल्यासाठी काम लवकर उरका."

शमुवेल हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्याला वेळ लागला. "उद्या उठलोच न्हाई तर? जन्मभर माझं उठणं-बसणं करशील? पुढचं काय दिसतंय का तुला?"

"न्हाई दिसत."

"मग?"

"देवाला दिसतंय म्हणतोस ना? मग मला आन् तुला कशाला दिसाय पायजे? दोघांनी तेच बघत बसायचं, आन् आजचं काम कुणी करायचं?" तिचा आवाज चढला होता, तो तिनं खाली आणला. "मला एकच सांग. मी हवीय का न्हाई? देवाचं नाव न घेता सांग."

त्यानं मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "हवीयस."

"मग गप पड."

चहा घेऊन शमुवेलची आई पुतळाबाई आली. मोनिका कप घ्यायला उठली तेव्हा तिचं लक्ष दाराकडे गेलं. दाराला उंबराच नव्हता. चौकटीखाली ताजं सिमेंट सारवलेलं होतं, घरातून अंगणात सपाट.

"खुर्ची अडायची," पुतळाबाई म्हणाल्या. "चाकाची खुर्ची आणलीया त्याला, बाहेर उन्हात बसवाया. आडून बसायची उंबऱ्याला. म्हनून सुताराकडनं काढून घेतला."

"आन् उंबरा?"

पुतळाबाईंनी हनुवटीनं खाटेखाली दाखवलं. सागवानी उंबरा गोणपाटात गुंडाळून, दोरीनं बांधून ठेवलेला होता. "चालाया लागला की परत बसवू. त्यात काय."

त्या चहा ठेवून आत गेल्या, जणू काही विशेष बोललंच नाही. मोनिका त्या गोणपाटाकडे बघत राहिली. या बाईनं देवाला अट घातली नव्हती आणि उंबरा चुलीतही घातला नव्हता. आज खुर्ची आहे तर आज दार सपाट. उद्याचं बांधून ठेवलेलं.

परतीच्या गाडीत मोनिकानं प्रार्थना केली. डोळे मिटले नाहीत, उसाच्या ट्रॉल्या बघतच केली. प्रभू, पुढचं मला दाखव म्हणून मी मागत नाही, तू दाखवणारही नाहीस. ते तुझ्याकडे राहू दे. रविवारी माझे पाय तेवढे लटपटू देऊ नकोस.

शनिवारी तिनं आप्पांना अंगणात गाठलं. उंबऱ्याची सगळी हकीकत सांगितली. आप्पा खांबाला टेकून ऐकत होते.

"तुम्ही गार्ड व्हता," ती म्हणाली. "सिग्नल बिघडला तर गाडी जन्मभर तिथंच उभी करायचात का?"

"न्हाई. स्टेशनमास्तर पुढं जायाचा कागद द्यायचा. मग हळूहळू काढायची गाडी."

"पुढं काय हाय ते दिसायचं का?"

"दिसंल तेवढंच जायाचं."

"तेवढंच मागतीया मी. आन् तुम्हाला भ्या वाटत आसंल तर भ्या वाटतंय म्हणा. माझं लगीन भ्यानं मोडलं तर मी एकवेळ सोसंन. देवानं मोडलं म्हणून सांगू नका. तो कुठंच न्हाई ह्यात."

आप्पांचा चेहरा लाल झाला. "मी प्रार्थना करतोय," म्हणाले आणि आत गेले. मोनिकाला वाटलं, उचलावी अंगणातली कुंडी आणि फेकावी. कुंडीत आईनं लावलेला पुदिना होता, म्हणून फेकली नाही.

रविवारी देऊळ भरलं होतं. बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर कुशाबाई. वय झालेलं, ऐकू कमी येतं, पण नको ते नेमकं ऐकतात. पुरुषांच्या बाजूला कडेला आप्पा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. उपदेश झाला, अर्पण झालं, पाळकसाहेबांनी सूचना वाचायला घेतल्या. महिला मंडळाची सभा बुधवारी. कबरस्तानातलं गवत काढायला तरुणांनी विळे घेऊन यावं. पाण्याची टाकी धुतली आहे. मग त्यांनी चष्मा काढला.

"शेवटचं गीत घेऊ या."

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. पण सेक्रेटरीच्या मर्जीत राहणारा पाळक आणि मालकाच्या मर्जीत राहणारा गडी यांत फरक फार थोडा असतो. टाकी धुतल्याचं आठवलं, पोरीचं लग्न आठवलं नाही.

मोनिका उभी राहिली. पाय लटपटत होते. प्रभूनं तेवढंही ऐकलं नव्हतं. लटपटत्या पायांवरच उभं राहावं लागणार होतं.

"पाळकसाहेब, एक सूचना राहिली."

त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा गीतांचं पुस्तक चाळत होते. "मोनिका, तो विषय सध्या प्रार्थनेत आहे."

"असू द्या. हाक पण असू द्या." आणि कोणी काही म्हणायच्या आत, सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली, "या मंडळीची मोनिका पोपटराव साळवे आणि शिरूरच्या मंडळीचा शमुवेल रणपिसे यांचं लग्न ठरलंय. ही तिसरी हाक. आता पुढचं तुम्ही विचारा. कोणाला अडथळा ठाऊक असंल तर त्यानं उभं राहून सांगावं, कोपऱ्यात नेऊन न्हाई."

साखरबाईनं पदर तोंडाला लावला. पाळकसाहेबांनी चष्मा पुन्हा घातला. त्यांना पळायला जागा उरली नव्हती. खाकरून त्यांनी तेच शब्द, रीतीप्रमाणे, पुन्हा म्हटले आणि विचारलं, "कोणाला अडथळा ठाऊक आहे का?"

मग बाक वाजला. आप्पा उभे राहिले होते.

"अडथळा हाय," ते म्हणाले.

मोनिकाच्या अंगाचा नुसता जाळ झाला. सांगा, तिनं मनात म्हटलं, सगळ्यांच्या तोंडावर सांगा, देवानं तुम्हाला काय फोन केला ते.

"कोणता?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"प्रभूनं माझ्या मनात..." आप्पांनी सुरुवात केली. नेहमीचाच भारदस्त आवाज. मग त्यांची नजर मोनिकावर गेली. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती, खुर्चीतल्या पेशंटकडे बघते तशी. आप्पा थांबले. पुस्तक हातातून बाकावर ठेवलं.

"न्हाई," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला. "प्रभूनं काय सांगितलं न्हाई. मी लई विचारलं, पण त्यानं काय सांगितलं न्हाई. मला भ्या वाटतंय. पोरगं उभं न्हाई राहिलं तर हिचं कसं व्हायचं, त्याचं भ्या वाटतंय. एवढंच कारण हाय."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "पोपटराव, भीती अडथळ्यात धरत नाहीत."

"धरली आस्ती," पहिल्या बाकावरून कुशाबाई म्हणाल्या, "तर ह्या देवळात कुणाचंच लगीन लागलं नसतं. बसा खाली."

आप्पा बसले नाहीत. गाडी सोडताना उचलायचे तसा त्यांनी हात खांद्यापर्यंत उचलला आणि पाळकसाहेबांना म्हणाले, "मग चला पुढं."

"तिसरी हाक झाली," पाळकसाहेब म्हणाले. "अडथळा नाही."

भक्ती संपल्यावर बायकांनी मोनिकाला घेरलं. तिला कोणाशीच बोलायचं नव्हतं. राग गेला नव्हता. हेच चार शब्द घरी, मोरीपाशी, मेथीपाशी बोलता आले नसते का? त्यासाठी सगळी मंडळी उभी करावी लागली? पण एक गोष्ट तिला कबूल करावी लागली. लहानपणापासून आप्पांच्या इतक्या लांबलचक प्रार्थना तिनं ऐकल्या होत्या, त्यांतली खरी वाटलेली ही पहिली.

आप्पा देवळाच्या पायऱ्यांशी चपला शोधत होते. ती जवळ गेली तरी त्यांनी वर पाहिलं नाही. चपला सापडल्या, पायात गेल्या, तरी ते खालीच बघत राहिले.

"तो उंबरा," ते म्हणाले. "खाटंखाली ठिवलाय म्हणलीस ना?"

"व्हय."

"गोणपाटात?"

"व्हय."

"गोणपाटात वाळवी लागंल. सागवान आसलं तरी लागंल. राकेल चोळून ठिवाय पायजे, परत बसवायचाय तर." मग थोडं थांबून, "सांग त्यांना."

"मी न्हाई सांगणार," मोनिका म्हणाली. "दुपारची गाडी हाय. तुम्हीच चला, आन् तुमच्या हातानं चोळा."