सतरा सेकंद

खोलीत नऊ माणसं होती, अकरा खुर्च्या, चहाचे सात कप आणि एक खिडकी, तीही खिळे मारून बंद केलेली. टेबलावर कायद्याचा मसुदा होता. त्यातली एकच जागा कोरी होती.

इंटरनेटवरच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं संगीत सलग अमुक सेकंद सापडलं, की संगणकाची चाळणी तो व्हिडिओ आपोआप उडवणार. असे तीन उडाले की खातंच बंद. अमुक म्हणजे किती, एवढंच ठरायचं होतं. संगीत कंपन्यांचे वकील पाचावर अडून बसले होते, वेबसाइटवाले तिसावर. संध्याकाळपर्यंत एकमत झालं नाही तर जुना मसुदा मतदानाला जाणार होता. त्यात एक सेकंद जुळला तरी व्हिडिओ गेला.

"मधलं काय येतं गं?" समितीच्या अध्यक्षबाईंनी मला विचारलं. मी त्यांची तांत्रिक सहायक.

"साडेसतरा."

तो अर्धा सेकंद कुणाच्या पदरात टाकायचा यावर वीस मिनिटं भांडण झालं. शेवटी वकील जिंकले.

"सतरावर चाळणी चालेल ना? हो की नाही, एवढंच सांग," बाई मला म्हणाल्या.

माझा थोरला भाऊ शिलाई मशिनं दुरुस्त करतो आणि दुरुस्ती शिकवणारे व्हिडिओ टाकतो. ते पाहूनच लोक लांबून मशिनं पाठवतात. दुकान त्यावरच उभं आहे. दुकानात दिवसभर रेडिओ चालू असतो. त्याचे सेहेचाळीस व्हिडिओ मी आदल्या दिवशी चाळणीतून काढले होते. तिसावर दोन अडकत होते, सतरावर एक्केचाळीस.

"बाई, पण मागे नुसता रेडिओ वाजत असला तरी..."

"सकाळपासून सगळ्यांचे 'पण'च ऐकतेय. कशीबशी मोट बांधलीय, ती सोडू नकोस."

"चालेल," मी म्हणाले. चाळणी चालणारच होती.

दुकानात गेले तेव्हा दादा एका मशिनच्या पोटात डोकं घालून बसला होता. त्याला सगळं सांगितलं.

"सरकारला माझा रेडिओ ऐकू येतो? तुझ्या वहिनीला तर माझी हाकसुद्धा ऐकू येत नाही."

"हसू नकोस. कायदा लागू व्हायच्या आत ते एक्केचाळीस काढ आणि पुन्हा कर. रेडिओ बंद ठेवून."

"रेडिओशिवाय हात चालत नाहीत माझे."

"मग व्हिडिओचा आवाजच काढून टाक."

"अगं, मशिन कुठे दुखतंय ते आवाजावरूनच कळतं. मुका व्हिडिओ काय शिकवणार?" त्यानं पेचकस खाली ठेवला. "तिथे का नाही बोललीस? एवढी शास्त्रज्ञ झालीस ती!"

"बोलले असते तर जुना मसुदा आला असता. मग उरलेले पाचही गेले असते."

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि तू सांगतेस, आडात पाणी जरा कमी आहे."

त्यानं हात पुसले, उठला आणि रेडिओ बंद केला. मी दार लावलं, पंखाही घालवला आणि मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. त्यानं बिघडलेलं मशिन उघडलं, दोष दाखवला, तो काढला, आणि शेवटी शिकवण्याच्या त्याच्या पद्धतीप्रमाणे, एक शब्द न बोलता, ते नीट झालेलं मशिन चालवून ऐकवलं.

"बघ आता," तो म्हणाला.

मी तो व्हिडिओ चाळणीत घातला. जुळणी सापडली: एका नोंदणीकृत गाण्याची सुरुवात, शिलाई मशिनच्या ठेक्यावर बांधलेली. सलग एकोणीस सेकंद.