दगडावर कोरायचं वचन

माणसाच्या तारणाला पवित्र शास्त्र पुरेसं आहे, त्यात पंडितांची लुडबुड नको, असं शिंप्याने अखिल मानवजातीला बजावलं. मानवजात त्या वेळी त्याच्या दुकानात स्टुलावर उभी होती. तिच्या नव्या पँटच्या पायांना टाचण्या लावलेल्या होत्या, त्यामुळे तिला हलता येत नव्हतं.

ही मानवजात म्हणजे शिंप्याचा धाकटा मेव्हणा. धर्मशास्त्रात डॉक्टरेट, घरी भिंतभर ग्रंथ, डोक्यात तीन मृत भाषा. गल्लीत सगळे त्याला डॉक्टर म्हणत आणि अधूनमधून कुणीतरी खोकला दाखवायला येई.

"पुरेसं आहे ना दाजी? मग दोन महिने मला कशाला कामाला लावलंत?"

उत्तरादाखल शिंप्याने चार टाचण्या तोंडात धरल्या.

काम असं होतं. शिंप्याची बायको जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या थडग्याचा दगड तयार होता, पण कोरा. दफनभूमीतल्या दगडावर फक्त शास्त्रवचन कोरायचं आणि खाली अध्याय नि वचनाचा क्रमांक द्यायचा, असा चर्चच्या मंडळीचा नियम. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी आजोबांच्या दगडावर स्वतःची कविता कोरली, तेव्हा टेबलावर मूठ आपटून हा नियम शिंप्यानेच मंजूर करून घेतला होता. "आज कविता, उद्या जाहिरात," असं तो म्हणाला होता.

वचनही त्याने ठरवलं होतं: 'सावकाश ये. मी कडी लावत नाही.'

चाळीस वर्षं बायको रोज दुपारी मशीनशेजारी बसून एक अध्याय मोठ्याने वाची आणि तो शिवत असे. शास्त्र त्याला तोंडपाठ होतं ते कानाने. हात कायम कापडात, पुस्तक धरणार कधी? ती गेल्यावर त्याने भिंग घेऊन ते दोनदा वाचून काढलं. हे वचन काही मिळेना. पानं मोजली, सगळी होती. मग छापखान्यावर संशय घेऊन त्याने चर्चमधली प्रत आणली. तीही सदोष निघाली. शेवटी गिळून टाकला अभिमान आणि गेला मेव्हण्याकडे.

"मिळालं का नाही ते सांग."

"सगळ्या शब्दसूच्या पाहिल्या दाजी. हस्तलिखितांतले पाठभेद पाहिले. शास्त्रात 'लवकर ये' म्हणणारे भेटतात. 'सावकाश ये' कुणीच म्हणत नाही."

"तुझे ग्रंथ कमी पडले."

"अकरा खंड आहेत."

"एकाचं काम करायला अकरा लागतात, तिथेच घोळ आहे."

एरवी डॉक्टर यावर उसळला असता. आज त्याने नुसतं विचारलं, "ताई वाचताना मध्ये थांबायची?"

"थांबायची. श्वास घ्यायला."

"आणि मग?"

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मग ते वचन यायचं. पूर, शाप, नगरं जळताहेत, असला अध्याय असला की हमखास."

"ते तिचं होतं दाजी."

"तिचं कसं? मला ती 'या' म्हणायची. 'ये' म्हणणारा देवच असणार, म्हणून तर मी कधी विचारलं नाही."

"तिच्या लग्नाआधी मी अभ्यासिकेतून उशिरा यायचो. आई चिडून आतून कडी लावायची. निघताना ताई रोज हेच सांगायची. तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, तेव्हाच ओळखलं मी."

"मग दोन महिने काय करत होतास?"

"शोधत होतो." डॉक्टर हलला आणि पोटरीला टाचणी टोचून कळवळला. "म्हटलं, असेलही कुठेतरी. असावं, असं फार वाटत होतं."

शिंपी टेप गुंडाळू लागला.

"म्हणजे देवाने तसं काही सांगितलेलं नाही."

"शास्त्रात तरी नाही."

"मग पलीकडे ती दार उघडं ठेवून बसली असेल, याला आधार काय?"

डॉक्टरकडे या प्रश्नावर चार मतं होती, त्यातलं एक स्वतःचं. त्याने एकही काढलं नाही. "ताईने सांगितलेलं केलं नाही, असं कधी झालंय?"

"एकदा. माहेरी आठ दिवस म्हणून गेली आणि नवव्या दिवशी आली."

"गाडी चुकली होती तिची."

"तीही हेच म्हणायची." शिंप्याने डोळे बाहीला पुसले. "दगडावर नाव पुरे. नियम म्हणजे नियम. उतर आता, तिचं बसायचं स्टूल आहे ते."

मग त्याने फळीवरून पुस्तक काढून दिलं. तिच्या शेवटच्या दुपारी घातलेली अस्तराची पट्टी अजून त्याच पानात होती. टाचण्या सांभाळत डॉक्टर स्टुलावर टेकला.

"मूळ भाषेत इथे..."

"नुसतं वाच रे."

डॉक्टर वाचू लागला, मशीन चालू लागलं. अध्याय दुष्काळाचा होता. अर्ध्यावर डॉक्टर श्वास घ्यायला थांबला. मशीनही थांबलं. शिंपी खाली मान घालून वाट पाहत राहिला. डॉक्टरने दोनदा तोंड उघडलं. शब्द पाठ होते, पण बाहेर येईनात.

"राहू दे," शिंपी म्हणाला. "ही सुई तेवढी ओवून दे. मला दिसत नाही."