न वाजणारी पायरी

ध्वनीच्या बाईंनी माझी फिल्म दोनदा पाहिली आणि पेनाचं टोपण काढलं. टोपण निघालं की कुणाची तरी काटछाट होते, हे आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे.

"शेवटी कोण आलं?" त्यांनी वर्गाला विचारलं.

एक म्हणाला गिऱ्हाईक. दुसरा म्हणाला पोस्टमन. मागून कुणीतरी भूत म्हणालं आणि सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साडेचार मिनिटांची तर फिल्म. एक शिंपी आपल्या मुलीच्या फोटोखाली शिवत बसलाय, दिवसभर गिऱ्हाइकं जिना चढून येतात, शेवटी पुन्हा पावलं वाजतात, तो मशीन थांबवतो आणि हसतो. परगावी शिकणारी मुलगी घरी आली, एवढं साधं. ती दिसत नाही, नुसती ऐकू येते, यातच मी माझी सगळी अक्कल खर्च केली होती.

"शुक्रवारी पुन्हा बघू," बाई म्हणाल्या. "तेव्हाही कळलं नाही तर हा शेवट कापायचा."

शेवट कापला तर उरतो फक्त शिवणारा माणूस. तो कुणाची वाट बघतोय, हेच जातं. मला ते सहन होणार नव्हतं, कारण फिल्ममधला शिंपी माझा सख्खा मामा आहे, आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी ताई, खरोखरच परगावी शिकते.

मामाचं दुकान पहिल्या मजल्यावर, मागे घर, वर यायला अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना. त्या जिन्यावर मी चपला घालून चढले, बूट घालून चढले, अनवाणी चढले. माइक पायांपाशी धरून सगळं रेकॉर्ड केलं आणि मामाच्या कानांवर हेडफोन चढवला.

"छान आहेत पावलं," तो म्हणाला. "कुणाचीही असतील."

"मग ताई आली, हे तुला न बघता कसं कळतं?"

मामाने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "सातवी वाजत नाही, त्यावरून."

मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. ताई तान्ही असताना सातवी पायरी करकरली की ती दचकून उठायची आणि तासभर रडायची. म्हणून घरातले सगळेच ती ओलांडायला लागले. पुढे ताई चालायला लागली तीही ओलांडतच. बाहेरच्या माणसाचा पाय मात्र नेमका तिथेच पडतो.

"मी येते तेव्हा?"

"वाजते की. तू अजून पाहुणीच."

हे मला लागलं, पण त्याहून मोठी लाज पुढे होती. चित्रीकरणात प्रत्येक गिऱ्हाइकाला ती पायरी करकरली होती. तो करकराट मी दोन दिवस कॉम्प्युटरसमोर मान मोडून पुसून काढला होता. वर पुन्हा त्रास नको म्हणून मामाकडूनच तिला दोन खिळे ठोकून घेतले होते. हातात कंदील आणि शोधते वात, अशातली गत. नशीब, मूळ रेकॉर्डिंग मी जपून ठेवलं होतं.

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू शिकलेली. म्हटलं, असेल काहीतरी," मामा म्हणाला आणि पक्कड शोधायला लागला. "खिळे काढतो. तुझ्या फिल्मसाठी नाही. सुट्टीत ती आली तर मला कळायचं कसं?"

खिळे निघाले. या वेळी माइक मामाच्या मशीनपाशी, त्याच्या कानाच्या उंचीवर ठेवला, कारण ऐकणारा तो होता. ताईच्या जुन्या चपला घालून मी सातवी ओलांडायला शिकले. चौदा वेळा चुकले. पंधराव्या वेळी आतून आवाज आला, "हां, आता घरची झालीस."

शेवटी दुकानाची नुसती शांतता हवी होती, पावलांच्या मधल्या जागेत घालायला. मामा मिनिटभर हाताची घडी घालून बसला. "काही न करता बसायचं म्हणजे फार कष्टाचं काम आहे बुवा," रेकॉर्डिंग थांबल्यावर तो म्हणाला.

शुक्रवारी त्यालाही वर्गात नेलं. दिवे मालवले. पहिलं गिऱ्हाईक आलं, जिना करकरला. दुसरं आलं, करकरला. तिसऱ्याच्या वेळी पुढच्या बाकावरचा मुलगा करकर ऐकून हसला. मग ती शेवटची पावलं. सहा वाजली. त्यानंतर दुकानाची शांतता, एका पावलाएवढी. मग आठवी.

बाईंच्या पेनाचं टोपण अजून पेनावरच होतं.

"आली मुलगी," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"नाही हो बाई," अंधारात शेजारून मामा म्हणाला. "अजून तीन आठवडे आहेत."