मांजराचा राहिलेला डोळा

या मित्रांनो, असे जवळ सरका. कोणी माझ्या झाकणावर बसलात तरी हरकत नाही, ते अजून भक्कम आहे. फक्त पाय आपटू नका, आतला रंग झडतो. आज तुम्हाला मी त्या रंगाचीच गोष्ट सांगणार आहे. गोष्ट गोड नाही. पण तुम्ही मन लावून ऐकाल, असा मला विश्वास आहे.

मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. एका अरुंद दुकानात, हातोड्याच्या ठोक्यांत माझा जन्म झाला. ज्याने मला घडवले तो कारागीर कानाने बहिरा झाला होता आणि तोंडाने फार बोलका. माझ्या बिजागऱ्या बसवून तो मला रंगवायला घेणार, इतक्यात एक गिऱ्हाईक आले. कपड्यांवर सतरा रंगांचे शिंतोडे. तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर होता.

"रंग नको देऊस," पेंटर ओरडून म्हणाला. "रंग माझा मी देईन."

"मग काय, तुझ्या घरी रंगाची नदीच वाहते," कारागीर म्हणाला. "पण ट्रंक कशाला? बायको माहेरी चालली की काय?"

"लेक चालली आहे. फौजेच्या शाळेत."

कारागिराने तोंडातला खिळा काढून हातात घेतला. "ती शिडीवर चढून ठिपके देणारी? एवढीशी?" माझ्या कोपऱ्यांवर त्याने जास्तीचे पत्रे ठोकले आणि त्यांचा उल्लेखही केला नाही.

त्या मुलीला सगळे ठिपकी म्हणत. त्याचे कारण असे. पेंटरच्या घरात एक रीत होती. तो पाटीवर कोंबडा काढी, पण कोंबड्याचा डोळा काढत नसे. दिवा काढी, पण ज्योतीचा पिवळा थेंब राखून ठेवी. अंगठी काढली की खडा बाकी. मग रंगात बुडवलेला ब्रश पाटीच्या कडेला टेकवून तो नुसता खाकरायचा. लेक जिथे असेल तिथून धावत यायची आणि शेवटचा ठिपका द्यायची. तोवर पाटी पुरी झाली असे तो मानत नसे. गिऱ्हाईक घाई करू लागले तर म्हणे, "थांबा, अजून जीव आलेला नाही."

पेंटर मोठा भाविक होता. गावात कोणी गाऊन देवाची गोष्ट सांगणारे आले, की तो हातचे काम टाकून सर्वांत पुढे जाऊन बसे. तिथली पदे मग घरी ब्रशाबरोबर चालत. रेघ लांब असली की तान लांब. ठिपकी खालून साथ करी आणि मुद्दाम चुकीचा शब्द घाली. "देवाला नावं ठेवतेस काय गं," तो म्हणे. "देवाला नाही बाबा, तुझ्या आवाजाला," ती म्हणे.

पण ठिपकीची आई गाण्याने पोट भरत नाही हे जाणून होती. नवऱ्याचा रंगाच्या वासाने आलेला खोकला ती रोज ऐकत होती. फौजेच्या शाळेची प्रवेशपरीक्षा मुलगी पास झाली तेव्हा ती म्हणाली, "माझी लेक शिडीवर म्हातारी होणार नाही." आणि मुलीला तयार करण्यासाठी तिने आपल्या भावाला बोलावून घेतले.

हा मामा फौजेतून निवृत्त झालेला. आला तो शिट्टी गळ्यात घालूनच आला. मित्रांनो, त्या दिवसापासून घराचे रूपच पालटले. पहाटे पळणे, मग दोरीवरच्या उड्या, मग मी. होय, मीच. मामा माझ्यात कपडे नीट रचायला लावी आणि रचून झाले की मला उलटी करी. "पुन्हा." जेवताना शिट्टी वाजली की ताट सोडायचे. केस कापले गेले. आईने कापले आणि मामाने केर काढला.

मामा दुष्ट नव्हता. मुलगी धापा टाकू लागली की तो तिच्या पाठीवरून हात फिरवी, पण मोजून मापून. एकदा ती दमून रडायच्या बेतात आली. मामा खाली बसला आणि हळूच म्हणाला, "एक युक्ती सांगतो. रडू आलं की जीभ टाळूला लावायची. घट्ट. रडू आल्या वाटेने परत जातं."

ठिपकीने करून पाहिले. जबडा ताठ झाला, गालात खळगा पडला आणि खरेच पाणी मागे गेले. ती हसली. "मामा, जादू आहे ही."

"जादूच आहे," मामा म्हणाला. "माझी पेन्शन त्याच जादूची."

ती जादू ती फार पटकन शिकली.

इकडे पेंटरने मला बाहेरून काळा रंग दिला. शाळेचा तसा नियमच होता. बाहेर नियम पाळला आणि आत मन मोकळे केले. ठिपकी मामाबरोबर बाहेर असे, तेव्हा तो माझे झाकण उघडून आतल्या बाजूला चित्र काढत बसे. मुले हो, असे चित्र मी पुढे कोणत्याही ट्रंकेत पाहिले नाही. निळे आकाश. त्याखाली त्यांची गल्ली. भिंतीला टेकवलेली शिडी. दारात कमरेवर हात ठेवून उभी आई, भांडायच्या तयारीत. पायरीवर रंगाचे डबे आणि डब्यांमध्ये बसलेले त्यांचे पिवळे मांजर. काम करताना तो एकच पद पुन्हापुन्हा गुणगुणत होता. मला वाटते, तो चित्र काढत नव्हता, विनवणी करत होता.

मांजराला डोळा नव्हता. एकाच अंगाने दिसणारे मांजर, एकच डोळा, तोच राखलेला.

संध्याकाळी ठिपकी आली. पेंटरने झाकण उघडले, ब्रश कडेला टेकवला आणि खाकरला.

ती बघतच राहिली. "बाबा, आई कशी रे उभी आहे, आता लाटणं फेकणार." ती पोट धरून हसली. तिने ब्रश उचलला. माझ्या पत्र्याला त्याची चाहूल लागली, इतका तो जवळ आला. तेवढ्यात मामा आत आला.

त्याने चित्र बराच वेळ पाहिले. "सुंदर आहे, भावोजी," तो म्हणाला. "पण पुसावं लागेल."

"आतल्या बाजूला आहे हो. बाहेर कुठे काय दिसतंय?"

"भावोजी, तिथे आतली बाजू असं काही नसतं. तपासणीला सगळ्यांची झाकणं उघडी असतात." मग तो भाचीकडे वळला. "माझ्या आईने माझ्या उशीवर फूल भरून दिलं होतं. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी पाहिलं. मी भरती झालो तेव्हापासून बढती मिळेपर्यंत मला फूलच म्हणत होते. तू ठरव."

ठिपकीने ब्रश खाली ठेवला. "डोळा उद्या देते, बाबा. आता उजेड कमी आहे."

उजेड पुष्कळ होता.

दुसऱ्या दिवशी पेंटर एका दुकानाच्या पाटीच्या कामाला गेला होता. आई पाण्याला. ठिपकीने काळ्या रंगाचा डबा उघडला आणि माझ्या झाकणाला आतून रंग देऊ लागली. आधी आकाश गेले. मग गल्ली, शिडी. आईपाशी हात जरा अडखळला. जीभ टाळूला लागली, गालात खळगा पडला आणि आई गेली. मांजर शेवटी. मी पत्रा आहे मित्रांनो, मला ओरडता येत नाही. त्या दिवशी कडीसुद्धा वाजली नाही.

पेंटर परतला तेव्हा रंग ओलाच होता. मामा दारात उभा होता, गळ्यातली शिट्टी मुठीत धरून. आईने आत भांडी आपटायला सुरुवात केली. पेंटरने झाकण उजेडाकडे तिरके केले आणि रंगाऱ्याच्या नजरेने पाहिले.

"ब्रशाची रेघ कुठे उठली नाही," तो म्हणाला. "हात बसला तुझा."

मग तिने तसाच टाकलेला ब्रश त्याने उचलला आणि टर्पेंटाइनमध्ये धूत बसला. पुष्कळ वेळ धूत होता.

शाळेच्या फाटकापाशी आईबापांनी थांबायचे होते. ठिपकीने माझी एक कडी धरली, दुसरी कोणा अनोळखी मुलीने. आम्ही निघालो. तिने एकदाही वळून पाहिले नाही, मामाने तसे पक्के करून घेतले होते. मागून मामाचा आवाज आला. "पाहिलंत भावोजी? एकदाही वळली नाही."

"दिसलं," पेंटर म्हणाला.

पहिल्या तपासणीला आम्ही सगळ्या ट्रंका ओळीने, झाकणे उघडून. माझे झाकण आतून काळेभोर, डाग नाही. ठिपकीच्या शेजारच्या मुलीने आपल्या झाकणात धाकट्या भावाने काढलेला हत्ती चिकटवला होता. हत्तीला पाय तीनच. तपासणीच्या बाई तिथे थांबल्या, वाकल्या, पाहू लागल्या. ठिपकीने श्वास रोखला. आता हसतील, आता काहीतरी नाव पडेल.

"चिकटपट्टी सुटते आहे," बाई म्हणाल्या. "नीट लाव, नाहीतर हरवेल." आणि पुढे गेल्या.

कोणी हसले नाही. कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. ठिपकीचा गाल आत गेला, तो तपासणी संपेपर्यंत तसाच राहिला.

सुटीत ती घरी आली ती "तुम्ही" म्हणत. "बाबा, तुम्ही बसा, मी आणते." पेंटर इकडेतिकडे बघायचा, कोणी पाहुणा आला आहे का म्हणून. त्याने एक पाटी मुद्दाम अर्धी ठेवली होती, तिच्यावरच्या मोराला डोळा नव्हता. तो खाकरला. ठिपकी बूट चमकवत होती. तिला वाटले, खोकलाच आहे. "औषध घेता ना वेळेवर?" तिने विचारले.

"घेतो की," पेंटर म्हणाला. मोराचा डोळा त्याने स्वतः दिला नाही. पाटी तशीच दुकानावर चढली. पुढच्या पाट्याही तशाच गेल्या. लोक म्हणू लागले, म्हातारा विसरभोळा झाला.

शाळा संपली, मी घरी परत आले आणि माझ्यात जुने स्वेटर ठेवले गेले. ठिपकी पुढे मोठ्या अकादमीत गेली, अधिकारी झाली. ती चांगली अधिकारी आहे, तिच्या हाताखालची माणसे तिच्यावर जीव टाकतात. त्याबद्दल खोटे सांगून मला पाप लावून घ्यायचे नाही. पण पेंटर गेला तेव्हा ती दूर होती. आली, तोवर सगळे आटोपले होते.

आईने स्वेटर काढायला माझे झाकण उघडले. ओलसर दिवसांनी काळ्या रंगाला पोपडे धरले होते. एक गळून पडला. खाली निळे दिसले. ठिपकीने नख लावले. आकाश आले, मग शिडी, मग कमरेवर हात ठेवलेली तरुण आई. शेवटी मांजर.

"आई, याला डोळा नाही."

"नव्हताच," आई म्हणाली. "तू उद्या देणार होतीस ना."

ठिपकी उठली आणि रंगांच्या फळीशी गेली. डबे दगडासारखे सुकले होते. ब्रश मात्र सगळे धुतलेले. एक मऊ ब्रश उचलून तो कोरडाच मांजराजवळ धरून ती बसली. तिचा जबडा ताठ झाला, गालात खळगा पडला.

"आता तरी रड गं बाई," आई म्हणाली.

"येत नाही, आई. खूप प्रयत्न केला."

मित्रांनो, मांजर अजून तसेच आहे. त्यानंतर तिने रंगाचा नवा डबा आणला, पण उघडला नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या दूरच्या शाळेत जाल. पळायला शिका, कपडे रचायला शिका, ते चांगलेच आहे. पण घरच्या कोणी तुमच्यासाठी काही राखून ठेवले असेल, तर निघण्याआधी ते घ्या. लोक हसतील म्हणून थांबू नका. बहुधा कोणी हसत नाही.

आणि माझे एक मागणे आहे. एखाद्या गल्लीत जुन्या पाटीवर डोळ्याविना मोर दिसला, तर काढणारा विसरभोळा होता असे म्हणू नका. तो विसरला नव्हता. घटकाभर थांबा आणि त्या पेंटरची आठवण काढा.