डंक्यावरचं उड्डाण

लालबागच्या मसाला गल्लीत खाली जाईबाईंचा मिरची कुटायचा डंका आणि वर पोटमाळ्यावर त्यांच्या भाचीचं, अनुजाचं वर्कशॉप. खाली लोखंडी मुसळं धपाधप पडतात, वर अनुजा विमानाचे पार्ट बनवते. शिंका दोन्ही धंद्यांत कॉमन.

अनुजाने छोट्या विमानातल्या रेडिओसाठी स्टँड बनवलं होतं. उडताना ते किती हादरे खातं हे मोजून दाखवलं, तर ऑर्डर तिची. नाहीतर पुण्याची पार्टी टपूनच बसलेली. मोठ्या लॅबमध्ये नंबर लागायला तीन महिने. कोण थांबणार? तिने सरळ ऑनलाइन काडेपेटीएवढा रेकॉर्डर मागवला. हादरा लागला की आपोआप नोंद सुरू, मेमरी भरली की बंद. सोमवारी सकाळी तो स्टँडवर चिकटवला, मंगळवारी स्टँड विमानातून फिरून आलं आणि बुधवारी ग्राफ बघायला विमान कंपनीचे हेमचंद्र साहेब पोटमाळ्यावर हजर.

"ही टोकं दिसतायत ना सर? प्रॉपेलर!"

साहेबांनी चष्मा वर केला. "सेकंदाला दोनदाच फिरतो? मग विमान वर गेलं कसं?"

"पायलट भारी आहे सर."

"आणि हा मधला एक तास? सरळ रेघ आहे. विमान हवेत थांबलं होतं?"

अनुजा "स्मूथ फ्लाइट" म्हणणार, तेवढ्यात खालचा डंका बंद झाला. एक वाजला होता. टेबलावर मघापासून नाचणारा चहाचा कप एकदम गप्प. दोघांनी कपाकडे बघितलं. मग ग्राफकडे. मग परत कपाकडे.

खालून हाक आली, "अगो अनुजा, जेवूक ये! दोन वाजता परत चालू करूचो आसा!"

"सर," अनुजा म्हणाली, "विमान जेवायला गेलं होतं."

सोमवारी ह्याच टेबलावर डंक्याच्या दणक्याने रेकॉर्डर जागा झाला होता आणि संध्याकाळपर्यंत त्याची मेमरी गच्च. मंगळवारी विमानात तो नुसता बसून फिरून आला होता.

साहेब बॅग उचलून उठले. "मग मी पुण्याला कळवतो."

"एक मिनिट सर." अनुजाने त्यांच्या हातात पाना दिला. "दिवसभर मुसळांचा मार खाल्लाय ह्या स्टँडने. एक नट सैल दाखवा, मी स्वतः पुण्याला फोन लावते."

साहेबांनी आठही नट पिळून बघितले. घाम फुटला, तो साहेबांना.

"ठीक आहे. शुक्रवारी पुन्हा उडवू. पण रेकॉर्डर मी चालू करणार. विमानात बसून."

"करा की!"

शुक्रवारचा ग्राफ आला. डंक्यापुढे बिचारं विमान म्हणजे तान्ह्या बाळाचा पाळणा. साहेबांनी ऑर्डरवर सही केली, दोनदा शिंकले आणि जाताना दोन किलो मसाला बांधून घेतला.

चुकलेला ग्राफ मात्र जाईबाईंनी टाकू दिला नाही. विमानाचा ग्राफही मागून घेतला आणि दोन्ही शेजारी शेजारी फ्रेम करून दुकानात टांगले. कुणी विचारलं, "मावशी, नीट कुटता ना?" की त्या बोट दाखवतात.

"ता विमान. आणि हो माझो डंको. आता तूच सांग!"